एक पाय चपलेत

काका आमच्या घरात कुठे आणि कसा बसायचा ते मी डोळे मिटून दाखवीन. पुढच्या लाकडी शिडीच्या पायरीचा डावा कोपरा. अर्धं बूड पायरीवर, अर्धं हवेत. एक पाय मोकळा, एक चपलेत. कॉफीचा पेला संपेपर्यंत हातातच, खाली ठेवायचा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ताच आलाय, निरोप सांगेल आणि उठेल. असा तो वीस-बावीस वर्षं बसला.

मी नुसती तशी बसले तरी वाडीतली पोरं ओळखायची. मान नदीवरच्या पुलाकडे, भुवया वर, आणि चपलेतला पाय असा हलतोय की जणू गाडी सुटायची वेळ झालीय. मोठी मावशी हसू दाबत म्हणायची, पुरे कर, दिसेल त्याला. तिला स्वतःला मात्र बघायचं असायचं. 'पुलाकडे बघतानाचं पुन्हा कर,' म्हणायची.

आमच्या लुबुक आरो गावात कुणाला घरजावई म्हणून चिडवायची सोय नाही, कारण सगळेच घरजावई. घर आजीचं, मग तिच्या मुलींचं, मग त्यांच्या मुलींचं. माडांची बाग तशीच. नवरे येतात. काही राहतात, काही बाताम नाहीतर जाकार्ताला जाऊन खानावळी काढतात आणि ईदला भाड्याच्या मोटारीतून येऊन दाखवतात. माझा बाप बातामला गेला. आधी फोन यायचे, मग फोन येईनासे झाले, मग कळलं की तिकडे त्याचं दुसरं घर आहे. आईनं त्या दिवशी अंगणातली नारळाची सगळी सोडणं एकटीनं गाडीत भरली आणि नंतर तो विषय कधी काढला नाही.

तर घरात आम्ही बायका. मोठी मावशी नूरबायती, तिचा नवरा मी जन्मायच्या आधीच वारलेला. मधली रोस्नी मावशी, जिचा नवरा म्हणजे हा काका. धाकटी माझी आई, एर्मा. आणि मी. शिवाय दातुक मामा, आई-मावश्यांचा भाऊ, आमच्या कुळाचा प्रमुख. घरातला शेवटचा शब्द त्याचा, पण झोपायला तो त्याच्या बायकोच्या घरी. तिथे तोही पायरीवरच बसतो. मी जाऊन पाहून आलेय. त्याचे तर दोन्ही पाय चपलेत असतात.

काका नदीपलीकडच्या कोतो दुकूचा. तिकडच्या सगळ्या मुलग्यांसारखा तोही जरा मोठा झाल्यावर आईच्या घरात झोपला नाही. त्यांची अंथरुणं सुरावात, म्हणजे वाडीच्या नमाजघरात. मिसरूड फुटल्यावर तो निघाला. जांबीला रबराच्या बागेत, पालेम्बांगला होडीवर, मग जाकार्ताच्या एका पुलाखाली कमरेचे पट्टे विकायला. कुठेच टिकला नाही. पट्टे चांगले खपत होते, असं तो सांगायचा, पण गिऱ्हाईक घासाघीस करत उभं राहिलं की याच्याच पायांना मुंग्या यायच्या. शेवटी परत आला. येताना एक माकडाचं पिल्लू घेऊन आला आणि त्याला नारळ काढायला शिकवलं. आमच्याकडे माडावर माणूस चढत नाही, माकड चढतं. खाली दोरीचं टोक धरून माणूस ओरडतो, वर ते नारळ गरागरा फिरवून देठ तोडतं. सकाळी आमच्या रस्त्यावर मोटरसायकली जातात त्यांच्या मागच्या सीटवर माकडं बसलेली असतात, मास्तरणींसारखी ताठ.

काकानं त्या माकडाचं नाव बागिन्दो ठेवलं. आमच्या किनाऱ्यावर हा खानदानी जावयांचा किताब आहे. काकाला स्वतःला लग्नात मिळाला तो किताब सीदी. घरात त्याला सगळे सीदीच म्हणायचे, बायकोच्या घरी नावानं हाक मारत नाहीत. त्याचं नाव बास्रील आहे हे मला बरंच उशिरा कळलं, खोबऱ्याच्या ट्रकवाल्यानं रस्त्यावरून हाक मारली तेव्हा. मला वाटलं ट्रकवाला दुसऱ्या कुणाला तरी बोलावतोय.

आता आमच्या घरातली भाषा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जावयाशी सरळ बोलत नाहीत. कधीच नाही. त्याला काही हवं-नको विचारायचं तर तिरकं विचारायचं, म्हणजे त्याला 'हो' म्हणायची लाज वाटू नये आणि 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये. जावईही तिरकंच उत्तर देतो. मोठी मावशी यात उस्ताद. ती काकाशी बोलायची ती कोंबडीमार्फत.

'काय गं,' ती अंगणातल्या लंगड्या कोंबडीला म्हणायची, 'सकाळपासून पोटात काही नाही का तुझ्या?'

काका तिकडून माकडाला सांगायचा, 'बागिन्दो, टपरीवर दोन साला खाल्ले ना आपण? मग.' साला म्हणजे तांदळाच्या पिठाचे तळलेले गोळे, आत मासळी. मग मावशी कोंबडीला म्हणायची की टपरीवरच्या तेलानं घसा धरतो, आणि काका माकडाचा घसा चाचपून बघायचा. आई मांजराशी बोलायची. एखाद्या सकाळी आमच्या अंगणात तीन माणसं आणि तीन जनावरं इतकं बोलत असत, आणि माणसांमाणसांत एक शब्द नसे.

सरळ बोलणारी एकच, रोस्नी मावशी. बायको होती ना. ती या बाजूचं त्या बाजूला न्यायची. 'ताई म्हणते पत्रा गळतोय.' 'हे म्हणतात उद्या बघतो.' 'यांना तुझं रेंदांग फार आवडलं गं ताई.' घर तिच्यावर चालायचं आणि ते आम्हाला कळलं नव्हतं, कारण ती गडबड न करता चालवायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. मग एका पहाटे ती नमाजाला उठली नाही.

मावशी गेली आणि घरात नुसती हालचाल उरली. कुणीच एका जागी बसेना. मोठी मावशी स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून विहिरीवर. आई माळ्यावर चढून कशासाठी चढले ते विसरायची. काका पायरीवर बसे, उठे, माकडाची दोरी सोडी, बांधी. त्या दोरीची लोखंडी कडी दिवसभर खुळखुळायची. समुद्राकडून वारा सुटला की माड एकमेकांवर घासायचे, आणि पाडांगची आगगाडी भोंगा देत गेली की काकाची मान पुलाकडे आणि आमची सगळ्यांची मान काकाकडे.

कारण शंभराव्या दिवसाचं जेवण जवळ आलं होतं. बायको गेली की शंभराव्या दिवसानंतर नवऱ्याचं त्या घरात काही उरत नाही. त्याच्या बहिणीकडची माणसं येतात, जेवतात आणि त्याला घेऊन जातात. कुणी त्याला हाकलत नाही. मानानं नेतात.

आता कुणी म्हणेल, एवढंच आहे तर 'राहा' म्हणायचं. पण आमच्याकडे बायकोच्या घरच्यांनी विधुर जावयाला 'राहा' म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, की घरातली दुसरी बहीण करून घे. आणि मोठी मावशी वयानं त्याच्याहून थोर, म्हणजे उरली माझी आई, बापानं सोडलेली.

मी एकदा खोबरं वाळवायच्या शेडमागून जात होते. काका आत बागिन्दोच्या डोक्यातल्या उवा काढत होता आणि बोलत होता. तिरकं नाही, खरंच त्याच्याशी. म्हणाला, 'पलीकडचे माड उंच आहेत, बागिन्दो. आणि आपल्याला ओळखत नाहीत. इथला कुठला कुणीकडे झुकतो ते मी झोपेत सांगीन.' मग बराच वेळ नुसत्या उवा. मग म्हणाला, 'पण बस म्हणायला कुणी तरी हवं ना रे. आपलं आपण कसं बसायचं?'

मी धावत जाऊन आईला सांगितलं, त्याच्याच आवाजात, शेवटचा 'रे' सुद्धा तसाच. आई विहिरीवर होती. तिनं दोर सोडला नाही.

'तू ऐकलंस. त्यानं मला सांगितलं नाही,' ती म्हणाली. 'आणि मी बस म्हणून कुठे बसवू? माझ्या अंथरुणावर?'

मग तिनं पोहरा इतक्या जोरात ओढला की निम्मं पाणी विहिरीतच गेलं.

तेव्हापासून मोठ्या मावशीनं सुरू केलं. तिचा हिशेब असा की तोंडानं म्हणता येत नसेल तर ताटानं म्हणावं. रेंदांग आमच्याकडे ईदला होतं नाहीतर पाहुण्याला. नारळाच्या दुधात मांस अर्धा दिवस आटवून काळं करायचं, हात दुखून येतात. मावशीनं ते एक दिवसाआड करायला घेतलं. काकाचा पेला बदलला, झाकणाचा काचेचा आला. उशीला कशिद्याचा अभ्रा आला, जो माझ्या आजीच्या लग्नानंतर पेटीतून निघाला नव्हता. मावशी कोंबडीला म्हणाली, 'ज्याचा मान आहे त्यालाच देतेय बाई.'

काकाचं तोंड पडलं. मी समोरच होते, मला दिसलं ते. पाहुण्याला आपण केव्हा सगळ्यात जास्त वाढतो? उठायला लागला की. काका ताटाकडे असा बघत होता की जणू ताटानं त्याला कपडे भरायला सांगितलंय.

मग त्यानं दुरुस्त्या काढल्या. त्याच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. त्याला वाटलं, कामात गुंतलेल्या माणसाला कोण उठवतं? म्हणून आधी विहिरीची कप्पी. मग स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी, जी माझ्या जन्माच्या आधीपासून कुरकुरत होती. मग पत्रा. सगळं छप्पर उकलून नवे खिळे, खालून डांबर. दिवसभर ठोकाठोक. खाली मावशीचा चेहरा उतरत चालला होता.

'बघ,' ती रात्री आईला म्हणाली, 'सगळं चुकतं करून चाललाय. मागे कुणी बोलायला नको की सीदीनं मोडकं घर सोडलं.'

आणि दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही वेळा रेंदांग केलं. ते खाऊन काकानं कुंपण दुरुस्त केलं. कुंपण पाहून मावशीनं शेवग्याचं झाड तोडून त्याच्या मोटरसायकलीला ऐसपैस जागा केली. ते पाहून त्याला वाटलं, मोटरसायकल तोंड फिरवून उभी करायला सांगतायत, आणि त्यानं ती खरंच पुलाकडे तोंड करून लावली. ते पाहून मावशी ओढणीत रडली. मी कधी इकडे कधी तिकडे.

शेवटी मोठ्या मावशीनं दातुक मामाला बोलावणं धाडलं. तूच पुरुष, तूच कुळाचा प्रमुख, तू नीट सांग. अंथरुणाचा विषय न आणता सांग.

मामा आला. चांगली टोपी घालून आला, म्हणजे बोलणार होता. तो बोलायच्या आधी तीनदा खाकरतो, पहिलं खाकरणं स्वतःसाठी, दुसरं पूर्वजांसाठी, तिसरं झुरळं पळवायला. काका पायरीवरून उठून उभा राहिला. मामा खुर्चीत बसला आणि माडांकडे बघून म्हणाला,

'वारा आहे. मी असं म्हणत नाही की वारा कुठून आला, किंवा त्यानं कुठे जावं. घराला शिडी आहे. ज्याला उतरायचंय त्याला शिडी आहे, ज्याला चढायचंय त्यालाही तीच शिडी आहे. आता मी शिडीचं नाव घेतलं म्हणून मी कुणाला शिडी दाखवली, असं या अंगणात कुणी समजू नये. आणि समजलं, तर तेही मी मनावर घेणार नाही.'

काका खाली मान घालून ऐकत होता. मामानं कॉफी घेतली, स्वयंपाकघरात आला आणि कुजबुजत म्हणाला की झालं, स्पष्ट सांगितलं. मावशीनं विचारलं, काय सांगितलं? मामा म्हणाला, 'की राहायचं तर खुशाल राहा. याहून सरळ तर मी माझ्या बायकोशीही बोलत नाही.'

संध्याकाळी काकानं शिडीच्या ढिल्या पायऱ्या ठोकून पक्क्या केल्या.

जेवणाचा दिवस आला. मौलवी आले, शेजारी आले, दुआ झाली. दुपारी कोतो दुकूहून काकाची बहीण दाहनियार तिच्या जावयांना घेऊन आली, डोक्यावर चिकट भाताची परात. ही बाई बुटकी आणि आवाज उंच. तिच्या घरात चार मुली, चार जावई, नातवंडं माळ्यावर झोपतात. भावाला कुठे ठेवायचं हे तिला माहीत नव्हतं. पण न्यायला आली नसती तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. ती पडवीत बसली, घाम पुसला आणि मोठ्या मावशीला म्हणाली की आमच्या भावाला तुमच्याकडे इतकं सुख मिळालं, इतकं, की आता आमच्याकडे त्याला करमेल असं वाटत नाही.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती बिचारी सांगत होती, ठेवून घ्या. आणि मोठी मावशी, उस्ताद बाई, तिला तेवढ्याच गोड आवाजात म्हणाली, 'छे छे, आपल्या माणसांत कुणाला करमत नाही?'

दाहनियार म्हणाली, आमचं घर काय, लहान. मावशी म्हणाली, लहान घरात माया जास्त. दाहनियार म्हणाली, माकडालाही जागा लागेल. मावशी म्हणाली, बागिन्दो तर किती शहाणा. दोघी एकमेकींना काका देत होत्या आणि तो बाहेर पायरीवर बसून ऐकत होता की त्याला कुणीच अडवत नाही.

मग तो उठला. दाराशेजारच्या खिळ्यावर त्याचा शर्ट असायचा, एक अंगावर, एक खिळ्यावर, तिसरा कधी नव्हताच. तो काढून त्यानं पिशवीत घातला. सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. मोठ्या मावशीनं डब्यात रेंदांग दिलं. आई विहिरीवर पाठ करून उभी होती, पोहरा भरलेला, तो ओतायला भांडं नाही. बागिन्दो मागच्या सीटवर चढला. मोटरसायकल पुलाकडेच तोंड करून उभी होती, वळवावीसुद्धा लागली नाही.

तो गेल्यावर नारळ पडू लागले.

आधी काका पिकलेले नारळ पडायच्या आत उतरवायचा, म्हणून आम्हाला तो आवाज माहीत नव्हता. धप्. मग काही नाही. मग कोंबडीची धावपळ. मग आपण हातातलं काम धरून थांबतो, आता पुढचा कुठे. अंगणात कुणी मोकळ्या मनानं चालेना. मोठी मावशी डोक्यावर कढई धरून कोंबडीला दाणे टाकायची. एक दुसरा माडवाला बोलावून पाहिला, त्याचं माकड आळशी, त्यानं कोवळी शहाळी तोडून टाकली आणि माडाच्या शेंड्यावर झोपून गेलं.

काकाची बातमी यायची. बहिणीच्या घरी एक वेळ जेवतो. झोपतो सुरावात, म्हाताऱ्यांच्या रांगेत, लहानपणी झोपायचा त्याच कोपऱ्यात. दिवसभर मोटरसायकल घेऊन इकडून तिकडे, पुलावर थांबतो, पुन्हा जातो. मोठी मावशी हे ऐकून कोंबडीला काही म्हणायची नाही. तिला कोंबडीशी बोलायला काही उरलंच नव्हतं.

मग एके सकाळी एक नारळ थेट स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आला, पत्रा फाडून आत, मावशीच्या हातापासून वीतभर अंतरावर, भाताच्या टोपात. मावशी भातानं माखून उभी. आईनं तिच्याकडे पाहिलं, पत्र्यातल्या भोकाकडे पाहिलं आणि डोक्यावर ओढणी घेतली. मला म्हणाली, चल.

बाजाराचा बुधवार होता. पुलाच्या तोंडाशी कॉफीची टपरी आहे, कामाची वाट बघणारे माडवाले तिथे बसतात, माकडं मोटरसायकलींवर. काका बाकाच्या कोपऱ्यावर होता. अर्धं बूड बाकावर, पेला हातात, एक पाय चपलेत. पण मान या वेळी उलटी, आमच्या बाजूला. आई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

'माडवाला हवाय,' आई म्हणाली.

काका बागिन्दोकडे वळला. 'ऐकलंस का, लुबुक आरोच्या लोकांना माडवाला हवाय म्हणतात.'

'माकडाशी काय बोलताय? माझ्याशी बोला,' आई म्हणाली. 'तुम्ही आता आमचे कुणी लागत नाही. तुम्ही नारळ काढणार, मी काढून घेणार. यात कुणी कुणाला लाजायचं?'

मला वाटलं तो उठून जाईल. टपरीतल्या सगळ्यांना तेच वाटलं. काकानं बराच वेळ आईकडे पाहिलं, आमच्या घरात इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं तितका वेळ. मग हातातला पेला खाली ठेवला.

'पत्रा फाटला का?' त्यानं विचारलं.

'फाटला. तुम्हीच बसवला होता.'

'मी बसवलेला पत्रा नारळानं फाटत नाही.'

'मग काय मी फाडला?'

'खिळा कुणी तरी हलवलाय. मी असं म्हणत नाही की तुम्ही हलवला.'

'म्हणताय ना, मग म्हणा,' आई म्हणाली. 'सरळ म्हणा.'

'तुम्ही हलवलात,' काका म्हणाला. 'माळ्यावर सारख्या चढता म्हणून.'

टपरीवाला नंतर महिनाभर हे दोघांच्या आवाजात करून दाखवायचा. आईचा त्याला जमत नाही, फार चिरका काढतो.

तो मोटरसायकलवर, आम्ही मागे चालत. आम्ही पोचलो तेव्हा बागिन्दो विहिरीजवळच्या माडावर होता आणि काका ओरडत होता, 'फिरव, फिरव, ते नको, शहाळं आहे ते, त्याच्या पलीकडचं.' धप्, धप्, पण आता कुठे पडणार ते माहीत असलेलं. मोठी मावशी खिडकीत आली. तिनं सवयीनं कोंबडीकडे तोंड केलं, 'काय गं, आज अंगणात' इथपर्यंत आली आणि थांबली. आई तिला म्हणाली, 'ताई, हा आपला माडवाला. त्याच्याशी बोल.'

मावशीनं ओठ पुसले. नवीन भांडं वाजवून बघावं तसं तिनं नाव घेऊन पाहिलं.

'बास्रील.'

काकाच्या हातून दोरी सुटता सुटता राहिली.

'अरे बास्रील, तुझं ते माकड माझ्या मिरच्यांवर नारळ टाकतंय. डोळे फुटलेत का?' आणि मग तिला थांबताच येईना. पेल्यात साखर किती ढवळतोस, पेल्याचं बूड झिजलं. पायरीवर असा काय बसतोस, मूळव्याध झाल्यासारखा. रात्री कडी वाजवतोस. शर्ट एकच घालतोस. सगळं, वीस-बावीस वर्षांचं, खिडकीतून अंगणात. काका दोरी धरून उभा, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते मला आधी रडं वाटलं.

'आणि तुमचं रेंदांग,' तो मध्येच म्हणाला.

'काय झालं रेंदांगला?'

'मला आवडत नाही. दात दुखतात.'

मावशीची मान खिडकीत तशीच राहिली. 'रोस्नी तर म्हणायची,' ती म्हणाली, 'यांना फार आवडलं, यांना फार आवडलं.'

'तीच खायची. माझं ताट मागच्या दारी न्यायची आणि तीच खायची. तिला आवडायचं. तुमच्याकडे मागायची लाज वाटायची.'

वर बागिन्दो वाट बघत बसला होता. कुणी त्याला फिरव म्हणेना. रोस्नी मावशी गेल्यापासून या घरात तिचं नाव त्या दोघांनी एकमेकांसमोर घेतलं नव्हतं, कोंबडीमार्फतही नाही. मोठ्या मावशीच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज आला, मग ती हसायला लागली, खिडकीची चौकट धरून, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. 'सटवी,' ती म्हणाली, 'बघा, सटवी कशी होती.' काका पण हसत होता आणि नाक पुसत होता, दोरीनंच.

मग मावशी आत गेली. भांडी आदळल्याचे आवाज आले. ती बाहेर आली ती पत्र्याच्या ताटलीत शिळा भात, तळलेली सुकी मासळी आणि मिरचीची चटणी घेऊन. झाकणाचा पेला नाही, काही नाही. 'हे घे,' ती म्हणाली. 'माडवाल्याला हेच मिळतं.'

त्यानं सगळं खाल्लं, आणि पुन्हा मागितलं. आमच्या घरात त्यानं कधी काही मागितलं नव्हतं.

पत्रा त्यानं त्याच दिवशी बसवला. खिळा खरंच हललेला होता की नाही यावर आई आणि तो अजून भांडतात. झोपायला तो सुरावात जातो. संध्याकाळी आगगाडी भोंगा देते, मोटरसायकल पुलावरून पलीकडे जाते, आणि पहाटे आमचा कुणाचा डोळा उघडण्याआधी तिचा आवाज इकडे यायला लागतो. तो आला नाही तोवर आई विहिरीवर चारदा जाते, मग आल्यावर म्हणते उशीर झाला. तो म्हणतो, तुमचं घड्याळ पुढे आहे. बसतो अजून तसाच, पायरीच्या कोपऱ्यावर, एक पाय चपलेत. मोठी मावशी जाता येता म्हणते, 'बास्रील, नीट बस नाहीतर ऊठ.' तो यातलं काहीच करत नाही.

कोंबडीशी मावशी आता फक्त अंड्यांबद्दल बोलते.